पणजोबांच्या शेजारची जागा

आमच्या घरमालकांनी उभ्या जन्मात कधी बसून चहा घेतलेला कुणी पाहिला असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याला पदरमोड करून खोवा-जलेबी खाऊ घालीन. जबलपूरच्या कांचघर वस्तीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी लग्न होऊन आले, माझी मुलगी तिथेच रांगली, चालली, आता पुण्यात नोकरीलाही लागली. पण खालच्या मजल्यावरची ही चाल काही थांबली नाही. चहा घेणार तो व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत. पेपर वाचणार तो फाटकाला टेकून, एक पाय रस्त्यात ठेवून. जेवणार ते ओट्याशी, ताट हातात धरून, आणि मध्येच काही आठवलं की ताटासकट बाहेर! एकदा आमच्या सत्यनारायणाला बोलावलं, तर पहिला अध्याय संपायच्या आत हे पाटावरून उठून आमच्या पंख्याचं बटण दुरुस्त करायला लागलेले. मी डोळे वटारले, म्हटलं, "अंकल, जरा बसा हो!" तर म्हणतात, "बसूनच तर राहिलो ना बेटा," आणि हे कुठून, तर स्टुलावर उभं राहून. माझ्या नवऱ्याला हसू आवरेना, भटजींना कथा आवरेना.

अख्खी गल्ली त्यांना अंकल म्हणते, म्हणून मीही म्हणते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. रंग गोरा, तोही साधासुधा नाही, उन्हात दहा पावलं चालले की कलिंगडाच्या फोडीसारखा लाल होणारा. नाकावर ठिपके, डोळे घारे, डोक्यावर उन्हाळा-हिवाळा तीच खाकी टोपी. गल्लीत नवा आलेला भाजीवाला त्यांना पाहून बिचारा धडपडत इंग्रजी जुळवतो, "सर, टोमॅटो व्हेरी फ्रेश." त्यावर अंकल टोमॅटो दाबून बघत म्हणतात, "काहून बाप्पा, हा तर पूरा सडून राहिला!" भाजीवाल्याचा हात तराजूवर तसाच राहतो. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, मूळ आयरिश घराण्यातले. आई नागपूरची मराठी, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. वडिलांकडून त्यांना रंग मिळाला आणि आईकडून भाषा, स्वयंपाक आणि मतं. बाकी भावंडं केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेली. हे गेले नाहीत. लग्नही केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मुलगी पाहायला जाऊन बसावं लागतं ना, बेटा. तासभर!"

त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहायचं कसं यातच या माणसाचं निम्मं आयुष्य गेलेलं आहे. आयर्लंडातून पहिला पुरुष आला तेव्हा त्याला स्वतःला सही येत होती की नाही देव जाणे. पुढे ज्याने ज्याने लिहिलं त्याने आपल्या कानाने लिहिलं. एका कारकुनाने सुरुवातीचा 'ओ' ठेवला, दुसऱ्याने तो गिळला. कुणी मध्ये एक अक्षर घातलं, कुणी शेवटचं उडवलं. आजोबांची तऱ्हा वेगळी, वडिलांची वेगळी, आणि ऑस्ट्रेलियात पर्थला असलेल्या बहिणीने तर तिथे गेल्यावर आणखी तिसरीच काढली. आमच्याकडच्या विजेच्या बिलावर ते आजही 'ओमप्रकाश' आहेत. वसुलीचा माणूस दारात येऊन "ओमप्रकाशजी हैं क्या?" विचारतो आणि हा लालबुंद साहेब टोपी सावरत "हाव, आहे ना," म्हणून पुढे होतो. मी म्हटलं, अहो दुरुस्त करून घ्या की. तर म्हणाले, "राहू दे. माझ्या खानदानात कोणाचंच बरोबर नाही. माझं एकट्याचं काहून बरोबर पाहिजे?"

निवृत्त झाल्यापासून त्यांनी या घराण्याचा शोध घ्यायला घेतला आणि गल्लीची झोप उडवली. पहाटे पर्थच्या बहिणीशी फोनवर बोलत अंगणात फेऱ्या, चपलांची फटफट आमच्या उशीशी. मग स्कूटर. आज या चर्चमध्ये, उद्या त्या, परवा सदर बाजारातल्या कुणा म्हाताऱ्या आंटीकडे, जिच्या सासऱ्यांनी म्हणे यांच्या आजोबांबरोबर हॉकी खेळली होती. भेटेल त्याला विचारणार, तुझा पहिला पुरुष इथे कुठून आला? माझ्या नवऱ्याला त्यांनी जिन्यातच गाठलं. आमचे हे कारखान्यातून दमून आलेले, हातात डबा. ते म्हणाले, "मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो म्हणतात."

"कोण आलं? नाव काय त्याचं? गाव?"

"काय माहीत, अंकल. साताऱ्याकडचं कुठलं तरी असेल."

"म्हणजे माहीतच नाही? अन् तुला झोप येते?"

आमच्या ह्यांना उत्तम झोप येते, तसं त्यांनी सांगितलंही. पण त्या रात्री जेवताना ते अचानक म्हणाले, "खरंच गं, कोण आलं असेल पहिल्यांदा?" मी म्हटलं, झालं, लागण झाली घरात.

थट्टा मीही पुष्कळ केली. पण या धावपळीच्या मुळाशी काय आहे ते मला एका दुपारी कळलं, आणि तेव्हापासून माझी थट्टा थोडी नरम पडली. पापड वाळत घालायला गच्चीवर गेले होते, अंकल टाकी बघायला आलेले. बोलता बोलता म्हणाले, "आजोबा भुसावळला आहेत, वडील इटारसीला, आई नागपूरला, तिच्या माहेरच्या गावी. रेल्वेवाले असेच असतात बेटा, जिथे बदली झाली तिथे पुरले. जबलपुरात माझं कोणीच नाही. फक्त तो पहिला. वडील सांगत, आपला पहिला माणूस रूळ टाकायला आला आणि इथेच जबलपुरात मेला. तो सापडला तर त्याच्या बाजूला मला जागा मागता येईल." मग टाकीचं झाकण लावत म्हणाले, "मला एकट्याला नाही झोपायचं." आयुष्यभर एकट्याने राहिलेला माणूस हे बोलला आणि लगेच जिना उतरून गेलासुद्धा. माझ्या हातात पापड तसाच राहिला, खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

आणि एक दिवस सापडला की तो! छावणीकडच्या जुन्या कबरस्तानात, चिंचेखाली, अर्धी जमिनीत गेलेली शिळा. वर आडनाव होतं, यांच्या सतरा तऱ्हांपैकी एका तऱ्हेचं. नावाचं पहिलं अक्षर जुळत होतं, आणि खाली आयर्लंडातल्या गावाचं नाव. त्याखालचं सगळं मातीत. अंकल स्कूटरचा हॉर्न वाजवत गल्लीत शिरले, सबंध गल्लीला पेढे वाटले. हिशोबाने तो त्यांचा खापरपणजोबा. पण इतका लांब शब्द उच्चारण्याइतकी सवड त्यांना कुठली, म्हणून ते त्याला नुसतं पणजोबा म्हणत. शिळेचा फोटो पर्थला गेला. तिथल्या भाच्याने तो मगावर छापून पाठवला, आणि तेव्हापासून अंकल पणजोबांच्या मगातून चहा पीत येरझाऱ्या घालू लागले.

मी म्हटलं होतं, खालचंही जरा खणून बघा, काय लिहिलंय ते. तर माझ्यावरच उखडले. "आईनं शिकवलंय, वाडवडिलांच्या पायाशी खणू नये. झोपले आहेत ते." आईचं सगळं शिक्षण यांना पाठ. लग्नात त्या माउलीचा बाप्तिस्मा झाला होता, पण दर भाद्रपदात ती कुंपणाच्या भिंतीवर पान वाढून ठेवायची. सासूने हटकलं तर म्हणाली होती, माझा बाप्तिस्मा झाला म्हणून माझे वडील उपाशी राहतील काय? तेव्हा अंकलही दोन्ही करत. नोव्हेंबरात कबरीवर मेणबत्ती, आणि सर्वपित्रीला भिंतीवर पान. खीर, वडे, आळूची भाजी मी करून द्यायची. पानाशेजारी पणजोबांसाठी एक विडी आणि इवल्याशा पेल्यात रम ते स्वतः ठेवायचे. "मेहनतीचा माणूस होता, रूळ टाकून थकत असेल." आमच्या भिंतीवरचे कावळे वर्षाकाठी एकदा झिंगायचे.

असं बरीच वर्षं बिनबोभाट चाललं. मग दोन-चार वर्षांपूर्वी अंकलना छातीत दुखलं, डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि तो आराम ते स्कूटरवरून सगळ्यांना सांगत फिरले. पण मनातून घाबरले असावेत. जागेचं काय ते नक्की करायला कबरस्तान सांभाळणाऱ्या फादरांकडे गेले. फादर केरळचे, हसतमुख, पण नियमाला पक्के. जुना भाग भरलेला आहे, तिथे नवीन कुणाला जागा नाही. फक्त घरच्या माणसाची कबर असेल तर तिच्या लगत देता येते, आणि त्याआधी ती कबर दुरुस्त करून घ्यायची. बाकीच्यांना शहराबाहेर, नव्या जागेत. अंकल म्हणाले, दुरुस्त काहून नाही करणार? सोनं लावतो!

गणपती उठले, पाऊस जरा उघडला, आणि अंकलनी गोहलपुरातून एक मिस्त्री आणला. मलाही थर्मास घेऊन बरोबर यायला लावलं. खणण्याआधी त्यांनी शिळेपाशी वाकून माफी मागितली, "माफ करना पणजोबा, थोडं उठवून राहिलो." मिस्त्रीने सावकाश माती काढली, अक्षरं पाण्याने धुतली. अंकल शिळेभोवती घिरट्या घालत होते. मग थांबले. खिशातून रुमाल काढून ओळ पुसली, वाचली, पुन्हा पुसली.

मी पुढे होऊन वाचलं. लिहिलं होतं, पलटणीतला शिपाई, तापाने गेला, वय एकोणीस. ही शिळा त्याच्या सोबत्यांनी वर्गणी काढून बसवली, कारण त्याचं इथे कुणी नव्हतं.

एकोणीस! ना रूळ, ना बायको, ना पोरं. कुणाचा पणजोबा आणि कसला पणजोबा! मला आधी हसू येणार होतं, पण अंकलचं तोंड पाहिलं आणि ते घशातच राहिलं. लाल माणूस पांढरा पडला होता. हळूच म्हणाले, "पोर होता गं. अन् मी त्याच्यापुढे विडी ठेवून राहिलो होतो."

मिस्त्रीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. फादर तिथे नव्हते. मी म्हटलं, "अंकल, माती परत लोटून टाका. कोणाला कळतंय?"

"त्याला कळतंय ना, बेटा," ते म्हणाले, आणि तिथूनच तडक फादरांकडे जाऊन सगळं सांगून आले. म्हणजे आपल्या हाताने आपली जागा घालवून आले. मला इतका राग आला होता! हरिश्चंद्राला तरी पुढे देव भेटले, यांना शहराबाहेरची नवी जागा.

नंतरचे पंधरा दिवस काही विचारू नका. अंकल कबरस्तानाकडे फिरकले नाहीत, पण घरातही ठरेनात. सकाळी स्कूटर काढायचे, महाराजपुराकडे निघायचे, वाटेतून वळून ग्वारीघाटाला जायचे, नर्मदेकडे पाहिलं न पाहिलं करून परत यायचे, फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभे राहायचे आणि पुन्हा निघायचे. पेट्रोल जाळायचं तेवढं जाळत होते. पणजोबांचा मग फडताळात, चहा काचेच्या ग्लासात. पर्थचा फोन वाजायचा, ते घ्यायचे नाहीत. रात्री खालून फटफट, फटफट. आमचे हे कूस बदलून म्हणायचे, "अगं, याला काहीतरी सांग ना." जसं काही माझ्याकडे मृत माणसांचं दुकान आहे, एक गेला तर दुसरा काढून देते.

सर्वपित्री उजाडली. मी सवयीने सगळा स्वयंपाक केला, पान घेऊन खाली गेले. अंकलनी ते हातात घेतलं आणि अंगणात फेऱ्या सुरू. भिंतीवर कावळे येऊन बसले, काव काव करून त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली, आणि हा माणूस पान घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे. "कोणासाठी ठेवू? माझा तो कुठे आहे माहीत नाही. अन् हा माझा नाही. इतकी वर्षं खाऊ घातलं, आता याला काय सांगू, तू आमचा नाहीस म्हणून?"

खीर निवत होती, माझे पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. आणि मला रडू यायला लागलं की मी आधी ओरडते. म्हटलं, "पणजोबा नसेल तर नसेल! पोर आहे ना? मग पोर म्हणून ठेवा! आमच्यात नाही का दत्तक घेत? तुम्हाला कोणी नाही, त्याला कोणी नाही. घ्या मांडीवर आणि मिटवा एकदाचं!"

अंकल थांबले. "असं चालतं?" त्यांनी विचारलं.

"काहून नाही चालत?" मी म्हटलं. त्यांच्या सोबतीने माझीही जीभ तशीच वळते आता.

"पण दत्तक द्यायला आई-बाप लागतात. देणार कोण?"

"मी देते. आई आहे ना मी एका लेकराची? तेवढं पुरे."

तशीच स्कूटरच्या मागे बसून गेले, मांडीवर पान सांभाळत. वाटेत अंकलनी खोवा-जलेबी घेतली. विडी नाही, रम नाही. फादरांना बोलावून घेतलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत आमचा रिवाज समजावला, म्हटलं, "फादरजी, हमारे यहाँ गोद लिया बच्चा सगा ही होता है." फादर आळीपाळीने माझ्याकडे, अंकलकडे आणि शिळेकडे बघत राहिले. मग मी शिळेजवळची मूठभर माती पदरात घेतली आणि वळले, तर अंकल आपले उभेच, हात पुढे करून.

"अंकल, मांडीवर घ्यायचं म्हणजे आधी मांडी घालून बसावं लागतं."

आणि ते बसले हो! चिंचेखाली, ओल्या मातीत, गुडघे कटकन वाजले, टोपी काढून बाजूला ठेवली. मी माती त्यांच्या मांडीवर घातली आणि म्हटलं, "घ्या, तुमचा मुलगा." दत्तकविधानाचे मंत्र मला कुठून येणार? त्यांनी मातीवर दोन्ही हात ठेवले. कितीतरी वेळ हलले नाहीत. पणजोबा शोधायला निघालेला माणूस मुलगा घेऊन बसला होता. फादरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक है. बाप को बेटे के पास जगह नहीं देंगे, तो किसको देंगे?"

पर्थला अंकलनी खरं ते कळवलं. बहीण आधी रागावली, मग म्हणे खूप रडली, आणि शेवटी नव्या भाच्याला तिने काय पाठवावं, तर लोकरीचा स्वेटर! तो कुणाला होणार, म्हणून अंकलच घालतात. तो शिळेचा मग फडताळातून खाली उतरला आहे आणि येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. खऱ्या पणजोबांचा शोध अजून चालूच आहे, फक्त आता त्यात पहिल्यासारखी घाई नाही. "सापडला तर सांगीन त्याला, तुझा पणतू बघ, माझ्यापेक्षा लहान," असं म्हणतात. नात्यांचा पार गोंधळ झालाय, पण मी आता दुरुस्त करायला जात नाही.

यंदाच्या सर्वपित्रीला आम्ही दोघंच गेलो होतो. जलेबीचं पान ठेवलं, कावळा आला, घेऊन गेला. शेजारची मोकळी जागा अंकलनी स्वतः साफ केली होती, गवत काढून. तिच्याकडे बघत, उभ्याउभ्याच, माझी नजर टाळून त्यांनी विचारलं, "बेटा, तुम्ही लोक जबलपुरातच राहणार ना? पुण्याला मुलीकडे तर नाही जाऊन राहिले?"

"का?"

"काही नाही. याच्याकडे मी येतो. माझ्याकडे कोण येईल, विचारून राहिलो."

रडू येण्याआधी मी ओरडते, ते त्यांनाही माहीत आहे.

"मी येईन," मी म्हटलं. "खीर, वडे, आळूची भाजी, सगळं घेऊन येईन. पण एक सांगून ठेवते अंकल, त्या दिवशी बसून जेवायचं. उभ्याउभ्या चोच मारून उडून गेलात तर याद राखा."

"हाव," अंकल म्हणाले. मग टोपी काढली आणि माझ्याकडे न बघता मुलाच्या शेजारी, त्या साफ केलेल्या जागेत, थोडा वेळ बसले.